आमची फियाट आणि मिशिगनचं मीठ

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला मी ती लाल गाडी घेऊन जातो, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. मुलं विचारतात, ‘काका, ही फेरारी आहे का?’ मोठी माणसं विचारतात, ‘केवढ्याला घेतली?’ मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणते, ‘घेतली केवढ्याला ते विचारू नका, पडली केवढ्याला ते विचारा!’

तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

ती फेरारी नाही. ती १९७८ सालची फियाट १२४ स्पायडर आहे. दोन दारं, मागे पिशव्या ठेवण्यापुरती सीट, आणि बसल्या जागेवरून हाताने उघडता-मिटता येणारं कापडी छत. सहा वर्षांपूर्वी ती मी ४२०० डॉलरला घेतली. चौघांनी डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईला जायचं म्हटलं, तर आम्हाला तिकिटांनाच याहून जास्त लागतात. इटालियन स्पोर्ट्स कार एवढी स्वस्त का मिळाली, हे कळायला मात्र मला दोन वर्षं लागली.

हे मॉडेल १९६६ च्या तुरीन मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. बॉडी पिनिनफरिनाची. तिचं रेखाटन करणारा टॉम चार्डा हा चक्क आपल्या डेट्रॉइटमध्ये जन्मलेला आणि युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये आर्किटेक्चर शिकलेला माणूस. इंजिन ऑरेलिओ लांप्रेदीचं. फियाटमध्ये येण्यापूर्वी त्याने फेरारीसाठी इंजिनं केली होती. दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक हे सगळं मध्यमवर्गाला परवडेल अशा गाडीत एकत्र मिळणं त्या काळी विशेष होतं. १९८५ पर्यंत अशा सुमारे दोन लाख गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत विकल्या गेल्या. म्हणून त्या इथल्या गराजांमध्ये अजून सापडतात, आणि सुटे भागही मिळतात.

मी ती घेतली त्याचं कारण मात्र वेगळं. माझ्या वयाच्या मुंबईकराला ‘फियाट’ म्हटलं की स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा आणि काळी-पिवळी टॅक्सी आठवते. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी ही मूळची फियाट ११००. पुढे त्याच कंपनीने ११८ एनई काढली. तिची बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं. म्हणजे आमची स्पायडर नात्याने ११८ एनईची चुलत बहीण लागते. ठाण्याला मामाकडे पद्मिनी होती. रविवारी सकाळी मामा बॉनेट उघडून आत वाकायचा आणि मी एकेक पाना त्याच्या हातात द्यायचो. दहा-अकराचा, बारा-तेराचा हे आकडे मी पाढ्यांच्या बरोबरीनेच शिकलो. इथे आल्यावर वीस वर्षं हात फक्त कीबोर्डवर चालले. ही गाडी दिसली आणि ते रविवार आठवले, एवढंच.

अमेरिकेत फियाटच्या चार अक्षरांवरून एक जुना विनोद आहे: ‘फिक्स इट अगेन, टोनी.’ पहिल्या वर्षी तो टोनी मीच होतो. कधी हेडलाइट मंद व्हायचे, कधी इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचायचा. जो तो म्हणायचा, इटालियन वायरिंग! दोष निघाला अर्थिंगचा. तारा जिथे बॉडीला स्क्रूने जोडलेल्या असतात, तिथे चाळीस वर्षांची काट चढली होती. एका शनिवारी सगळे जोड सोडवले, घासकागदाने चकचकीत केले आणि परत आवळले. खर्च जवळजवळ शून्य. मग कळलं, की या गाडीच्या मूळ जोडणीत हेडलाइटचा करंट इग्निशन स्विचमधून फिरतो, त्यामुळे स्विच तापून खराब होतो. दोन रिले बसवले आणि तोही प्रश्न मिटला.

मग टायमिंग बेल्ट. याच रबरी पट्ट्यावर दोन्ही कॅमशाफ्ट फिरतात. तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचं वाटोळं होऊ शकतं. मागच्या मालकाने बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर गाडी घरी आणल्यावर पहिलं काम तेच. त्याबरोबरच व्हॉल्व्हची फट फीलर गेजने मोजायची. फट कमी-जास्त असेल, तर कॅमखालची नाण्याएवढी चकती काढून वेगळ्या जाडीची घालायची. लांप्रेदीची करामत अशी, की त्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागत नाही. एका हत्याराने बकेट खाली दाबायची आणि चकती हवेच्या झोताने उचलायची. पहिल्यांदा मला आख्खा दिवस लागला. आता चहा गार व्हायच्या आत नाही, पण जेवणाच्या आत होतं.

वर्षभरात माझं मत झालं, की ही गाडी वाईट नाही, लाडावलेली आहे. तिला ठरल्या वेळी ठरलेलं सगळं लागतं. पण गाडी जुनी होते तशी स्वस्त होते, आणि स्वस्तात घेणारा माणूस दुरुस्तीलाही हात आखडता घेतो. आजचं काम पुढच्या मालकावर ढकलत ढकलत ती माझ्यापर्यंत आली होती.

हे किती खरं आहे, ते तिसऱ्या वर्षी दिसलं. मुलगी कॉलेजला निघाली होती. फीचे आकडे बघून गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक मंडळातच मिळालं. पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला, गणपतीत आरतीला ढोलकी वाजवणारा मुलगा. ५५०० डॉलर ठरले, त्याने ५०० आगाऊ दिले. त्याला गाडी नीट मिळावी म्हणून मी पुढच्या ब्रेकचे रबरी पाइप बदलायला घेतले. जॅक लावला, चाक काढलं, आणि टॉर्चच्या उजेडात वरचा काळा थर एका जागी फुगलेला दिसला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. टण् असा आवाज यायला हवा, तिथे धप् आला. टोक दाबलं, तर ते सरळ आत गेलं.

ही जागा म्हणजे शॉक टॉवर. पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा सगळा भार त्यावर असतो. तिथला पत्रा गंजून गेला होता. कुणीतरी भोकावर जाळी लावून तिच्यावर लांबी थापली होती आणि वरून काळा रंग मारला होता. फ्रीवेवर हा जोड सुटला, तर चाक जागेवर राहत नाही.

स्पायडरचा हा दुखरा भाग सगळ्या जाणकारांना ठाऊक आहे. त्यात हा आपला मिशिगन. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १२०० फुटांवर मिठाची खाणच आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं ते हात राखून नव्हे. ते चिखलाबरोबर उडून पत्र्याच्या दुहेरी घड्यांमध्ये बसतं आणि उन्हाळ्यातही आपलं काम करत राहतं.

आता जे लिहितो आहे, ते घरी सोडून कुणाला सांगितलेलं नाही. मी दुकानात गेलो आणि अंडरकोटिंगचा डबा घेऊन आलो. पंधरा डॉलरचा. मनात हिशोब सुरू होता: मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी होत नाही. मलाही ती अशीच मिळाली होती. मुलगा उन्हाळ्यातले चार रविवार चालवणार, त्याने काय होतंय? दोन संध्याकाळी तो डबा गराजच्या फळीवर होता.

तिसऱ्या संध्याकाळी रंग मारायला म्हणून खाली वाकलो. फुटलेल्या लांबीत बोटांचे ठसे होते. ज्याने कोणी ती थापली, त्याने ती अंगठ्याने नीट दाबून बसवली होती. त्या माणसाला मी तीन दिवस शिव्या देत होतो. मला गाडी विकणारा तोच, की त्याच्या आधीचा कोणी, कोण जाणे. पण त्याच्याही गराजमध्ये असाच एक डबा असणार आणि त्यालाही काहीतरी फी भरायची असणार. मी डब्याचं झाकण लावलं आणि त्या मुलाला फोन केला.

तो आला. मी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. म्हटलं, ‘तूच टोचून बघ.’ त्याने टोचलं. बराच वेळ तो गाडीखालीच होता. बाहेर येऊन म्हणाला, ‘काका, मला नाही झेपणार हे.’ मी त्याचे ५०० परत केले. पुढच्या महिन्यात त्याने एक जुनी जपानी गाडी घेतली आणि अगदी बरोबर केलं.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: गाडी भंगारात घालायची, नाहीतर नीट करायची. मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग लावला. माझा जोड बघून शिकवणारे म्हणाले, ‘तळाच्या पत्र्याला चालेल. टॉवरला नको.’ ते ऐकलं ते बरं झालं. कापणं, घासणं आणि तळाचे पत्रे मी केले. टॉवरसाठी तयार पत्रे मागवले आणि ते एका निवृत्त वेल्डरकडून बसवून घेतले. एका बाजूला गंज आहे, म्हणजे दुसऱ्याही बाजूला असणार, म्हणून दोन्ही टॉवर उघडले. पत्रा कापण्याआधी बॉडीला आधार देऊन मापं घेऊन ठेवली, नाहीतर चाकं वाकडी बसतात. चार महिने आणि २१०० डॉलर गेले. फीसाठी अर्थातच दुसरी सोय करावी लागली. बेल्ट, टायर, छत, कार्बुरेटर धरून आजवरचा एकूण हिशोब ८९०० डॉलर. एवढे पैसे हिचे कोणी देणार नाही. बायकोच्या प्रश्नाचं हे उत्तर.

तुमच्यापैकी कोणाला अशी गाडी खुणावत असेल, तर चार गोष्टी सांगतो. इंजिनापेक्षा पत्रा आधी बघा. इंजिन घरी दुरुस्त होतं, गंजाला वेल्डर लागतो. बघायला जाताना फ्रीजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. लांबी भरलेल्या जागी ते धरत नाही. आमच्या फ्रीजवरचा चुंबकाचा गणपती हल्ली असल्याच कामाला जातो. गाडी जॅकवर चढवू न देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि जेवढ्याला घ्याल, जवळजवळ तेवढेच पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवा. तेवढे नसतील, तर ती गाडी स्वस्त नाही.

यंदा खंडेनवमीला पान्यांची पेटी पुसून तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं, दसऱ्याला बॉनेटवर हार घातला आणि एक शेवटची चक्कर मारली. दिवाळीच्या सुमारास, मिठाचे ट्रक रस्त्यावर यायच्या आत, तिची बॅटरी काढून ठेवतो आणि तिच्यावर कापड घालतो. ती पुन्हा बाहेर येते ती एप्रिलमधल्या पावसाने रस्ते धुतल्यावर.

तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही आहे. काय बदललं, कधी, किती मैलांवर, सगळं तीत लिहिलेलं आहे. मधल्या पानांवर त्या भोकाचे फोटो चिकटवले आहेत, जाळीसकट आणि बोटांच्या ठशांसकट. पुढेमागे गाडी विकलीच, तर किल्लीच्या आधी ती वही द्यायची, असं ठरवलं आहे.