पोटमाळ्यावरचा कॅमेरा कोणाच्या घरी जाणार?

बाजारपेठेतील जुन्या वाड्याचा पुनर्विकास ठरला, की पोटमाळा रिकामा करण्याची वेळ येते. तराजू, तिजोरी, पितळी वजने यांना घरातच कोणीतरी मागणी घालतो. अडते ते आजोबांच्या काळातील फोटो स्टुडिओच्या किंवा छापखान्याच्या सामानापाशी. सागवानी स्टँडवरचा फुल प्लेट कॅमेरा, माणसाच्या उंचीचा एन्लार्जर, काचेच्या निगेटिव्हच्या जड पेट्या. जागा सोडण्याची तारीख करारात लिहिलेली असते आणि भंगारवाला दारात उभा असतो. घसारा वजा जाता जाता हिशेबाच्या वहीत या वस्तूंची किंमत केव्हाच नाममात्र उरलेली. त्यामुळे मोडीच्या भावाने जे येईल ती मिळकतच, असे वाटू लागते.

फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच. छायाचित्र बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचे उमटविले जाई, म्हणून कॅमेरा मोठा असणे भागच होते. छापखान्यातील प्रोसेस कॅमेरा त्याहूनही अवजड. लोखंडी रुळांवर सरकणारा हा कॅमेरा अनेक ठिकाणी अंधाऱ्या खोलीच्या भिंतीतच बसविलेला असे. तो काढायचा तर भिंत फोडावी लागते. लग्नपत्रिका, कॅलेंडरे, वर्तमानपत्रे यांतील चित्रांचे ब्लॉक त्याच्यावरच तयार होत. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यात ब्लॉक बनविण्याचा व छपाईचा व्यवसाय केला होता.

पहिला ग्राहक येतो तो बहुधा भिंगाचा. रॉस, डालमेयर अशा लंडनच्या कारखानदारांची पितळी भिंगे हौशी छायाचित्रकार आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही जोडतात. त्यांना खरोखर भाव आहे. मात्र भिंग गेले, की उरलेला लाकडी सांगाडा फार तर एखाद्या उपाहारगृहाची शोभा वाढवितो. ज्या घरांत सोन्याचांदीचा व्यापार आहे, त्यांना हिरा काढून कोंदण टाकून देण्यातील नुकसान वेगळे सांगायला नको. पैशाची निकड नसेल, तर भिंग, भाता, प्लेट होल्डर आणि स्टँड एकत्रच द्यावेत.

भाता फाटलेला असला, तरी निराश होण्याचे कारण नाही. केरळात आलप्पुळा येथे 'वागीश्वरी' हा सागवानी कॅमेरा अनेक वर्षे तयार होत असे. तो बनविणारे कुटुंब मुळात वाद्यदुरुस्तीचे काम करणारे. पेटीचा भाता जोडणाऱ्या हातांनी कॅमेऱ्याचा भाता घडविला.

मग द्यायचे कोणाला? छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी वर्षानुवर्षे जमविलेल्या संग्रहातून, महापालिकेच्या सहभागाने, गुरुग्राम येथे २०१९ मध्ये 'म्यूझिओ कॅमेरा' हे संग्रहालय उभे राहिले. १९८४ मध्ये निवर्तलेले वृत्तछायाचित्रकार कुलवंत रॉय यांच्या पेट्या याच आर्य यांच्याकडे वीसहून अधिक वर्षे पडून होत्या. त्या उघडल्या तेव्हा स्वातंत्र्यकाळातील नेत्यांची दुर्मीळ छायाचित्रे बाहेर आली. तथापि कोणतेही संग्रहालय आलेले सारेच स्वीकारत नाही. एकाच प्रकारचे दोन कॅमेरे असतील, तर तिसऱ्याला ते नम्रपणे नकार देते. अशा वेळी कलामहाविद्यालय किंवा जुन्या पद्धतीने आजही काम करणारा छायाचित्रकार अधिक योग्य ठरतो. नकाराने खचू नये. हेल्मुट गर्न्सहाइम यांनी १९४५पासून लंडनमध्ये जमविलेल्या छायाचित्रांच्या अपूर्व संग्रहालाही ब्रिटनमध्ये कायमचे घर लाभले नाही. १९६३ मध्ये तो अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाकडे गेला.

वस्तूसोबत कागद गेले, तर स्वीकारणाऱ्याचा निर्णय सोपा होतो. खरेदीचे बिल, ग्राहकांची नोंदवही, प्लेटचे क्रमांक यांविना कॅमेरा मुका असतो. 'आजोबांच्या नावाची पाटी लावून कायम दर्शनी भागात ठेवावा' असली अट दानपत्रात घालू नये. अशा अटींपायीच चांगली दाने अडतात. वाहतुकीचा व बांधणीचा खर्च देणाऱ्याने सोसावा, हे रास्त. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यान्वये ती खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, हेही परदेशी ग्राहकाला होकार देण्यापूर्वी ध्यानात असावे.

अंधाऱ्या खोलीतील बाटल्यांना मात्र घरच्यांनी हात लावू नये. ब्लॉकच्या कामात सायनाइडचाही वापर होई. जुन्या नायट्रेट फिल्मही क्षणात पेट घेतात. पुण्यात २००३ मध्ये अशाच फिल्मच्या आगीत जुने चित्रपट भस्मसात झाले. हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

स्टुडिओत उमेदवारी केलेले एखादे वृद्ध कारागीर अजून गावात असतात. टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी त्यांना आदराने बोलवावे. काळे कापड डोक्यावर घेऊन ते काच कशी बसवितात, भाता किती ओढतात, भिंगाची टोपी काढून मनात किती अंक मोजतात, हे नातवंडांनी मोबाइलवर टिपून घ्यावे आणि ते चित्रण कॅमेऱ्यासोबत पाठवावे.