वेगापेक्षा गाठ मोलाची : स्वित्झर्लंडच्या आगगाड्यांचे वेळापत्रक

स्वित्झर्लंडमधील रेल्वे-स्थानकांवरचे घड्याळ लक्षपूर्वक पाहिले, तर त्याच्या लाल सेकंद-काट्याची एक गंमत ध्यानात येते. साठ सेकंद पूर्ण होण्याच्या थोडे आधीच तो आपली फेरी संपवितो, माथ्यावर क्षणभर थबकतो, आणि मुख्य घड्याळाकडून विजेचा इशारा येताच पुन्हा चालू लागतो. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने हे घड्याळ १९४४ मध्ये तयार केले, आणि लाल काट्याची भर पुढे १९५३ मध्ये पडली. देशभरातील स्थानकांत मिनिट एकाच क्षणी बदलावे, एवढाच या थांबण्याचा हेतू. थोडे लवकर यावे आणि इतरांसाठी थांबावे, हेच तत्त्व त्या देशाने पुढे आपल्या आगगाड्यांनाही लावले. ते कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

स्वित्झर्लंड हा सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटरांचा आणि आज सुमारे ९० लाख वस्तीचा देश. डोंगर आणि दऱ्या यांमुळे तेथील वस्ती विखुरलेली. साऱ्या देशाला गिळून टाकील असे एखादे महानगर तेथे नाही. झुरिक, बाझेल, बर्न, लोझान, जिनिव्हा अशी मध्यम शहरे आणि त्यांभोवती शेकडो लहान गावे, अशी ही रचना. अशा देशात पुष्कळशा उतारूंना एका गाडीने प्रवास संपविता येत नाही. मोठ्या गाडीतून लहान गाडीत आणि लहान गाडीतून बसमध्ये, असा तो पार पडतो.

१९६० नंतर मोटारींची संख्या वाढू लागली, रुंद महामार्ग झाले, आणि रेल्वेचा उतारू मोटारीकडे वळू लागला. त्याला परत कसा आणावा, याचा विचार रेल्वेतील काही तरुण अभियंते करू लागले. ‘श्पिनर-क्लब’, म्हणजे खुळ्यांचे मंडळ, अशा विनोदी नावाने हा गट ओळखला जाई. त्यांतील सॅम्युएल श्टेली आणि त्याचे सहकारी यांनी एक साधी सूचना मांडली. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मनास येईल तशा गाड्या सोडण्याऐवजी प्रत्येक मार्गावर दर तासाला, त्याच मिनिटाला, गाडी सुटावी. नेदरलँड्सने १९७० मध्ये असा प्रयोग हाती घेतलाच होता. स्वित्झर्लंडमध्ये २३ मे १९८२ रोजी हे वेळापत्रक साऱ्या देशभर लागू झाले. गाडी सव्वाआठला असेल, तर सव्वानऊला आणि सव्वादहालाही असणारच. उताऱ्याला वेळापत्रकाचे पुस्तक चाळण्याची गरज उरली नाही.

परंतु नियमितपणा ही केवळ पहिली पायरी होती. खरे कौशल्य पुढेच आहे. बर्न हे स्थानक उदाहरणादाखल घ्यावे. तासाचा ठोका पडण्यापूर्वी काही मिनिटे चोहो दिशांच्या गाड्या निरनिराळ्या फलाटांवर येऊन लागतात. उतारू उतरतात, फलाट बदलतात, दुसऱ्या गाडीत बसतात. आणि ठोक्यानंतर काही मिनिटांत सर्व गाड्या आपापल्या वाटेने निघून जातात. बाहेर बसगाड्याही याच हिशेबाने उभ्या असतात. अशा स्थानकाला गाठीचे स्थानक म्हणता येईल. जाणाऱ्या आणि येणाऱ्या सर्व गाड्यांची तेथे गाठ पडते.

या योजनेतून एक चमत्कारिक वाटणारा नियम निघतो. दोन गाठीच्या स्थानकांमधील प्रवास एका तासाहून, किंवा जवळची स्थानके असतील तर अर्ध्या तासाहून, किंचित कमी वेळात व्हावयास हवा. दर तासाला एकदा गाठ पडणाऱ्या दोन स्थानकांत ७० मिनिटे लागत असतील, तर गाठ चुकते आणि उताऱ्याला पुढच्या तासाची वाट पाहावी लागते. उलट कोट्यवधी खर्चून तोच प्रवास ४० मिनिटांत आणला, तरी उतारू लवकर पोहोचून फलाटावर बसून राहणार. वाचलेली वीस मिनिटे त्याच्या पदरात पडतच नाहीत. म्हणून ‘शक्य तितके जलद नव्हे, तर आवश्यक तितके जलद’ हे तेथील रेल्वेचे सूत्र ठरले.

हे सूत्र सहजासहजी ठरले नाही. १९७० नंतरच्या दशकात पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एकच अतिवेगवान लोहमार्ग टाकण्याचा विचार चालला होता. परंतु मोठ्या शहरांची सोय होणार आणि बाकीचे प्रदेश बाजूला पडणार, या भीतीने त्याला विरोध झाला. मग ‘रेल्वे २०००’ ही निराळी योजना पुढे आली. ६ डिसेंबर १९८७ च्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के मतदारांनी तिला कौल दिला. या योजनेत आधी वेळापत्रक आखले गेले, आणि ते साधण्यासाठी कोठे बोगदा, कोठे दुहेरी रूळ, कोठे नवा फलाट हवा, हे मागाहून ठरले.

बर्न आणि झुरिक यांमधील प्रवासाला पूर्वी एका तासाहून अधिक वेळ लागे. तो तासाच्या आत आणण्यासाठी मॅटश्टेटेन ते रोथ्रिस्ट हा सुमारे ४५ किलोमीटरांचा नवा लोहमार्ग बांधला गेला. त्यावर गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने धावू शकते. १२ डिसेंबर २००४ रोजी नवे वेळापत्रक सुरू झाले, आणि बर्न-झुरिक अंतर ५६ मिनिटांच्या आसपास आले. शेजारच्या फ्रान्समधील गाड्यांचा वेग याहून कितीतरी अधिक; तथापि स्विस उताऱ्याला जे हवे होते ते एवढ्याने मिळाले.

या व्यवस्थेची किंमतही द्यावी लागली. नव्या मार्गाखाली शेतजमिनी गेल्या, गोंगाटाच्या भीतीने गावकऱ्यांनी हरकती घेतल्या, आणि मार्गाचा बराच भाग बोगद्यांतून न्यावा लागला. खर्चाचा अंदाज मूळच्या ५.४ अब्ज फ्रँकांवरून दुपटीहून अधिक वाढल्याने योजनेची कामे टप्प्यांत वाटून काही पुढे ढकलावी लागली. शिवाय गाठ जितकी घट्ट, तितका एका गाडीचा उशीर अनेकांना भोवतो. म्हणूनच तेथे गाडी तीन मिनिटे उशिरा आली, तरी ती उशिराची गणली जाते. जर्मनीहून फार उशिरा येणाऱ्या काही गाड्या बाझेललाच थांबवून पुढे स्विस गाडी वेळेवर सोडली जाते. लोझान ते बर्न हा प्रवास मात्र अद्याप तासाच्या आत आलेला नाही. डिसेंबर २०२४ च्या वेळापत्रकात फ्रेंच भाषिक पश्चिम भागातील काही प्रवासांचा वेळ तर मुद्दाम थोडा वाढविला गेला, कारण रुळांवर सतत कामे चालू असताना तंग वेळ पाळता येत नव्हती. न्यूशातेलहून जिनिव्हाला जाणाऱ्यांची थेट गाडीही त्यात गेली, आणि त्याबद्दल तेथे नाराजी व्यक्त झाली.

तरीही लोकांचा विश्वास ढळलेला नाही. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी रेल्वेसाठी कायमचा निधी उभारण्याचा प्रश्न सार्वमतास आला, तेव्हा ६२ टक्के मते अनुकूल पडली. मोठ्या शहराचा नागरिक आणि डोंगरातील शेतकरी या दोघांनीही पैसे देण्यास होकार द्यावा, हे केवळ वेगाच्या आकर्षणाने घडत नाही. वेगवान गाडी फार थोड्यांच्या दारावरून जाते. परंतु पडलेल्या गाठीचा लाभ शेवटच्या गावापर्यंत पोहोचतो. संध्याकाळी मोठ्या गाडीला दोन मिनिटे उशीर झाला, आणि तरी स्थानकाबाहेरची पिवळी बस उताऱ्यासाठी उभी राहिली, तर दरीतील घरी तो रात्रीच्या जेवणापूर्वी पोहोचतो. बस निघून गेलेली असेल, तर ताशी २०० किलोमीटर धावलेल्या गाडीचा त्याला काय उपयोग?