हिशोबाची फाइल हरवते कुठे?



गेल्या वर्षी कर्जाच्या कामासाठी बँकेचे साहेब आमच्या गटात आले होते. सहा महिन्यांचा हिशोब मी एक्सेलमध्ये भरला होता, पण ऐन वेळी फाइलच सापडेना. शेवटी ती डाउनलोड्समध्ये, लग्नपत्रिकांच्या गर्दीत मिळाली. तोवर साहेब निघून गेले होते. कर्ज पंधरा दिवस लांबलं आणि दोघींना बियाणं उसनं आणावं लागलं.

चूक माझीच होती. फाइल सेव्ह करताना खिडकी उघडते, त्यात ‘सेव्ह’ बटण आधीच निवडलेलं असतं. घाईत एन्टर मारला की समोर जो फोल्डर असेल त्यात फाइल जाऊन बसते. आपण तिकडे बघतच नाही.

म्हणून आता आम्ही जागा आधीच ठरवून ठेवली आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर हे असं करायचं:

आधी गटाच्या नावाचा एक फोल्डर बनवा. त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘पिन टू क्विक ॲक्सेस’ निवडा. आता सेव्ह करायच्या खिडकीत डाव्या बाजूला गटाचं नाव दिसेल. त्यावर क्लिक करा, मगच सेव्ह करा. एक्सेलमध्ये ही खिडकी थेट उघडायची असेल तर वरची एफ-१२ कळ दाबा.

दुसरी सोय एक्सेलमध्येच आहे. गटाचा फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करा आणि पत्ता कॉपी करा. मग एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं जा. तिथे ‘डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’च्या चौकटीतला जुना पत्ता पुसून हा नवा टाका आणि ओके करा. यापुढे कॉम्प्युटरवर नवी फाइल ठेवताना एक्सेल आधी हाच फोल्डर दाखवेल.

एक लक्षात ठेवा. डावीकडचं नाव म्हणजे फोल्डरकडे जायची नुसती वाट आहे. ते ‘अनपिन’ केलं तरी फोल्डर जात नाही. पण कॉम्प्युटरच बिघडला तर फोल्डरही जाईल. म्हणून दर बैठकीनंतर पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्या, आणि कागदी वही सोडू नका.

फाइल कुठे आहे हे एकट्या सचिवताईंना माहीत असून चालत नाही. पुढच्या बैठकीत निदान तिघींनी ती स्वतः उघडून बघा. पैसा सगळ्यांचा आहे, तर त्याची जागाही सगळ्यांना ठाऊक हवी.