सोमेश्वर किती होऊन गेले?

नीरा नदीच्या काठाकाठाने बारामतीकडे निघालं, की उसाच्या फडांमधून सोमेश्वरनगर लागतं. साखर कारखान्यामुळे वसलेलं हे गाव. कारखान्याने नाव घेतलं ते जवळच्या करंज्याच्या महादेवाचं. त्यावरूनच लोक त्या गावाला ‘सोमयाचे करंजे’ म्हणतात. श्रावणात इथे मोठी गर्दी होते. पण देवाचं हे नाव एकेकाळी राजवाड्यांतही इतकं चालायचं, की इतिहास वाचणाऱ्याचा गोंधळ उडावा.

एकट्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यात चार सोमेश्वर झाले. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. पहिल्याने राजधानी तिथे आणली. त्याचा नातू तिसरा सोमेश्वर आणि तिसऱ्याचा नातू चौथा! आजोबाचं नाव नातवाला ठेवायची ही रीत आपल्याला नवी नाही. पेशव्यांकडेही बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव आणि पहिल्या बाजीरावाचा नातू दुसरा बाजीराव.

‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे मात्र इतिहासकारांनी मागाहून लावलेले. त्या काळी ओळख पटायची ती बिरुदावरून. पहिला सोमेश्वर आहवमल्ल, दुसरा भुवनैकमल्ल, तिसरा भूलोकमल्ल. यातल्या दुसऱ्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. 1076 मध्ये धाकट्या भावाने, विक्रमादित्याने, त्याला गादीवरून खाली ओढलं आणि स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. पुढे कलचुरींनी कल्याणी बळकावली, तर त्यांच्यातही सोविदेव ऊर्फ सोमेश्वर निघालाच.

या सगळ्यांत भेटावंसं वाटतं ते तिसऱ्याला. 1126च्या सुमारास तो गादीवर आला. लढायांपेक्षा त्याचं नाव राहिलं ते ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथामुळे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभार, हत्तींची पारख, रत्नं, चित्रकला, कुस्ती, मासेमारी असं काय वाटेल ते आहे. स्वयंपाकाचा भाग तर मुळातून वाचावा. तापलेल्या खापरावर हातांनी पसरून टाकायचे मांडे त्यात आहेत, इडलीची पूर्वज शोभावी अशी ‘इडरिका’ आहे, आणि शेतातले उंदीर गरम तेलातून काढून शिजवायची कृतीही आहे. राजाने ती तितक्याच गांभीर्याने सांगितली आहे! महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, याचीही त्याने नोंद केली. मराठी ओवीच्या अभ्यासकाला हा ग्रंथ टाळता येत नाही तो यासाठीच.

उत्तरेतही हे नाव होतं. पृथ्वीराज चौहानाचा बाप अजमेरचा सोमेश्वर. तो वाढला गुजरातेत, आजोळी. गुजरातच्या कुमारपाळाच्या फौजेतून येऊन त्याने कोकणच्या शिलाहार मल्लिकार्जुनाचं डोकं उडवलं, असं ‘पृथ्वीराजविजय’ काव्य सांगतं. जैन ग्रंथ मात्र ते श्रेय आंबड नावाच्या सेनानीला देतात. गुजरातच्याच दरबारात तेराव्या शतकात सोमेश्वर नावाचा कवी होता. मंत्री वस्तुपालावरचं ‘कीर्तिकौमुदी’ हे काव्य त्याचं.

विलक्षण योग असा, की दोन सोमेश्वरांचा शेवट पाण्यात झाला. चोळांशी जन्मभर झुंजलेल्या आहवमल्लाला ताप आला, तो काही केल्या उतरेना. तेव्हा 1068 मध्ये कुरुवत्तीला त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. बिल्हण कवीने हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे.

दुसरा उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा. 1265च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने त्याला जमिनीवर हरवलं. तो गलबतांत बसून समुद्रात गेला, तर यादवांनी तिथेही पाठ सोडली नाही आणि तो बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, अशी मल्लिनाथी हेमाद्रीने केली आहे. हेमाद्री यादवांचाच मंत्री, तेव्हा तो आणखी काय म्हणणार! बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई कोरली आहे. काही अभ्यासक ती याच युद्धाची मानतात, तर काहींच्या मते हे दगड त्याहून जुने आहेत.