चार बाइट की आठ?

मुलताईजवळ उगम पावलेली तापी भुसावळवरून, उकाईच्या धरणातून सुरतेस येते. तिचे खोरे सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. असा पूर संगणकावर आधीच मांडून पाहायचा म्हटले आणि सारे खोरे दहा मीटर लांबीरुंदीच्या चौकटींत विभागले, तर चौकटी होतात ६५ कोटींवर. प्रत्येकीत जमिनीची उंची, पाण्याची खोली आणि प्रवाहाचे दोन वेग; म्हणजे एकूण २६० कोटी आकडे.

चार बाइटच्या पूर्णांकात मोठ्यात मोठी संख्या मावते ती २,१४,७४,८३,६४७. (पैशांत हिशेब ठेवला तर जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये, रिंग रोडच्या कापडबाजारात त्याला कोण विचारतो!) तेव्हा क्रमांकासाठी आठ बाइट हवेत. फोरट्रानच्या कंपायलरला तसा फ्लॅग दिला, की प्रोग्रॅममध्ये अक्षरही न बदलता सारे साधे पूर्णांक आठ बाइटचे होतात.

घोटाळा इथेच सुरू होतो. एवढे काम एका यंत्राचे नव्हे. सी-डॅकने गांधीनगरच्या आयआयटीत २०२२ साली बसवलेल्या ‘परम अनंत’सारख्या महासंगणकावर ते अनेक प्रोसेसरांत वाटतात, आणि त्यांच्यातले निरोप पोहोचवते एमपीआय ही लायब्ररी. ती कोणीतरी आधीच कंपाइल केलेली असते, बहुधा चार बाइटच्या हिशेबाने. आपला फ्लॅग तिला लागू होत नाही.

समजा, चार प्रोसेसरांना १०, २०, ३०, ४० चौकटी द्या, अशी यादी पाठवली. फोरट्रान यादी नव्हे, यादीचा पत्ता पाठवतो. लायब्ररी तिथे चार-चार बाइट वाचते: १०, ०, २०, ०. दुसऱ्याच्या वाट्याला शून्य! प्रोग्रॅम तिथेच कोसळला तर नशीब समजावे. एकटी लहान संख्या मात्र बरोबर पोहोचते, कारण आजच्या बहुतेक संगणकांत संख्येचा लहान भाग आधी लिहिलेला असतो. त्यामुळे छोट्या चाचण्या बिनबोभाट पार पडतात.

म्हणून प्रोग्रॅम आणि लायब्ररी एकाच मापाने कंपाइल कराव्या लागतात. इंटेलची गणिती लायब्ररी दोन्ही मापांत मिळते: एलपी-६४ चार बाइटची, आयएलपी-६४ आठची. नावात ६४ दोन्हीकडे, ही आणखी गंमत! माझ्या मते सरसकट फ्लॅगपेक्षा ज्या चलाला गरज आहे तेवढेच आठ बाइटचे जाहीर करावे आणि एमपीआयला द्यायची यादी चारचीच ठेवावी. टंकलेखन थोडे वाढते, इतकेच.