धडकलेली हायब्रीड गाडी : आधी वीज तोडा, मग सुरू करा

शेतकरी बंधूंनो, हायब्रीड म्हटले की आपल्याला बियाणे आठवते. पण आता हायब्रीड मोटारीही आपल्या रस्त्यांवर आल्या आहेत. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याजवळ अशी गाडी धडकली, तर पहिला धावून जाणारा माणूस शेजारच्या शेतातलाच असतो.

ट्रॅक्टर बंद पडला की आवाज थांबतो. इथे तसे नाही. इंजिन गप्प असले तरी गाडी चालू असू शकते. आधी हँडब्रेक लावा, बटण दाबून गाडी बंद करा, चावी लांब न्या. नारिंगी जाड वायरींना हात लावू नका. त्यांत शंभराहून जास्त व्होल्टची वीज असते. दोर बांधून ओढू नका. चाके फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाके वर घेणाऱ्या वाहनावरच न्या.

मोठा दणका बसला की मोठ्या बॅटरीचा पुरवठा आपोआप तुटतो. म्हणून गाडी सुरू झाली नाही तर मोठी बॅटरी गेलीच असे समजू नका. कधी 12 व्होल्टची लहान बॅटरीच उतरलेली असते. मात्र बॅटरीची पेटी चेपली किंवा वायर सोलली असेल, तर सुरू करायचा नाद नको. जाणता मेकॅनिक सर्व्हिस प्लग काढून काही मिनिटे थांबतो, मगच हात घालतो. विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नका.

सरपंच, पोलीस पाटलांनी 112 ला फोन करताना ‘गाडी हायब्रीड आहे’ एवढे जरूर सांगावे.