वाळू उकळते तेव्हा

उभ्या पोलादी नळकांड्यात कोरडी वाळू भरा आणि तळाच्या बारीक भोकांतून हवा सोडा. आधी काहीच घडत नाही, हवा कणांच्या फटींतून मुकाट निघून जाते. जोर वाढवत नेला की एका टप्प्याला हवेचा रेटा वाळूचं सगळं वजन पेलतो आणि ढिगाचं पाणी होतं! पृष्ठभाग सपाट होतो, बुडबुडे येतात, लोखंडी गोळी तळाला जाते, लाकडी चेंडू वर तरंगतो.

ही करामत जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात कोळशाचा वायू करण्यासाठी वापरली. आता त्याच खदखदत्या थरात मुद्दाम इंधनासाठी पिकवलेलं गवत किंवा विलोच्या काटक्या टाकतात. वाळू सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तापलेली. भडभुंज्याच्या कढईतल्यासारखी ती प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी एकदम चटका देते. प्राणवायू पुरेसा नसल्यामुळे पीक धड पेटत नाही. त्याचा बहुतेक भाग काही सेकंदांत वायू आणि डांबरी वाफा होऊन उडतो, मागे उरतो तो कोळसा.

या कोळशाचं ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावी जे केलं, ते मला सर्वांत देखणं वाटतं. २००१-०२ च्या सुमारास सुरू झालेल्या तिथल्या प्रकल्पात शेजारी शेजारी दोन कक्ष होते. एकात पाण्याची वाफ, दुसऱ्यात हवा. पहिल्यात उरलेला कोळसा थरातल्या कणांबरोबर वाहत दुसऱ्यात जाई, तिथे जळे, आणि त्या आचेवर आणखी तापलेले कण परत पहिल्यात येऊन नव्या इंधनाला उष्णता पुरवत. हवेतला नायट्रोजन वायूत मिसळतच नसे, त्यामुळे वायू हायड्रोजनने समृद्ध. त्यावर सुमारे २ मेगावॉट वीज निघे, शिवाय गावातली घरं ऊबदार राहत. तिथे कण होते ऑलिव्हिन या खनिजाचे, कारण ते डांबर फोडायलाही मदत करतं. प्रकल्प २०१६ मध्ये बंद पडला.

ग्युसिंगला जळण होतं लाकडाच्या ढलप्यांचं. गवत जास्त नाठाळ. मिस्कॅन्थस हे तीन-चार मीटर उंच वाढणारं गवत एकदा लावलं की पंधरा-वीस वर्षं दरसाल कापता येतं, पण त्याच्या राखेत पोटॅशियम आणि सिलिका असते. एरवी शुद्ध क्वार्ट्झची वाळू १७०० अंशांपर्यंत दाद देत नाही. पोटॅशियम भेटलं की मात्र साडेसातशेच्या आसपासच कणांवर काचेचा चिकट लेप चढतो. कण एकमेकांना धरतात, गठ्ठे होतात, बुडबुडे थांबतात. थराच्या दाबाचा काटा एकाएकी खाली येतो आणि चालकाला कळतं, वाळू गोठली. (आपल्या उसाच्या पाचटातही पोटॅशियम काही कमी नसतं.)

यावरचा एक उपाय शेतातच आहे. गवत शरद ऋतूत कापायचं नाही, हिवाळाभर उभं ठेवायचं. पानं गळतात, पाऊस ताटांतलं पोटॅशियम आणि क्लोरीन धुऊन नेतो, काही पोषकद्रव्यं जमिनीतल्या कंदांत परततात, ओलावाही उतरतो. वसंताच्या तोंडाशी कापणी होते तेव्हा शेतकऱ्याच्या हाती माल बराच कमी येतो. वजनावर भाव घेणाऱ्याला हे कसं परवडायचं? म्हणूनच उन्हाळा सरताच कापलेल्या गवतासाठी वाळूत चिनी माती मिसळून पोटॅशियम अडकवण्याचे प्रयोगही झाले आहेत.